मला चालतं

संजनाच्या एका हातात चिकटपट्टी होती, दुसरा हात भांड्यांच्या खोक्यावर दाबलेला होता आणि पट्टीचं टोक दातांत धरलेलं होतं, म्हणून ती जे बोलली ते अर्धं दातांतूनच बोलली. तरी लिदियाला ते स्वच्छ ऐकू आलं. "ताई, तुमच्यामुळं आम्ही आमच्याच घरात चोरासारखे राहिलो." एवढंच. मग तिनं टर्रकन पट्टी तोडली, खोक्यावर थापली आणि पुढचं खोकं ओढलं. काही भांडण चाललं होतं म्हणावं तर तसंही नाही. संजनानं विचारलं होतं, दोन चादरींपैकी तुमच्यासाठी कुठली मागं ठेवू, आणि लिदिया म्हणाली होती, कुठलीही ठेव गं, ती विरलेली ठेव, मला चालतं. हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणत असेल देव जाणे. श्वास सोडावा तसं ते तोंडातून बाहेर पडायचं. आज मात्र ते कशावर तरी जाऊन आपटलं, आणि लिदिया ओट्याशी हातात काळ्या द्राक्षांचा घड धरून तशीच उभी राहिली. घडातून पाणी ठिबकत होतं. तिच्या कोपरावरून ओघळून ते पदरात गेलं तरी तिला कळलं नाही.

ईस्टरच्या आधीच्या, मोठ्या गुरुवारची दुपार होती. संध्याकाळी प्रभुभोजन, आणि प्रभुभोजनाचा द्राक्षरस लिदियानं करायचा हे शरणपूरच्या त्या चर्चच्या मंडळीत इतकं ठरलेलं होतं, की पाळकसाहेब बदलले तरी कुणी तिला सांगायला यायचं नाही. आधी तिची आई, सुलाबाई, करायची. आई गेल्यावर लिदिया. घड धुवायचे, मणी तोडायचे, घोटभर पाण्यात मंद आचेवर फुटेपर्यंत ठेवायचे, मग मलमलीच्या फडक्यातून गाळायचे. साखर नाही, पिळायचं नाही, आपोआप जेवढं गळेल तेवढंच. आणि ईस्टर झाला की सोमवारी टेम्पो येणार होता. तिचा धाकटा भाऊ राकेश, त्याची बायको संजना आणि लेक निकिता पाथर्डी फाट्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जाणार होते. तीन खोल्या, लिफ्ट, बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर. राकेश महिनाभर मागं लागला होता, ताई, तू पण चल. आणि लिदिया महिनाभर म्हणत होती, माझं काय रे, एकटा जीव, मी इथंच राहीन, तुम्ही सुखी राहा, मला चालतं. म्हणताना तिच्या छातीत थोडं ऊबदार वाटायचं. खोटं कशाला बोला, वाटायचं.

चोरासारखे! आता बाई, हिचं आपण काय चोरलं, की हिनं आपलं? लिदियानं घड पातेल्यात ठेवला आणि मणी तोडू लागली. काळे, टपोरे, वर पांढुरकी साय धरलेले. बोटाला लागला की साय पुसली जायची आणि खालचा काळा चकाकायचा. किती वर्षं ती हे मणी तोडत होती, आणि एकही तोंडात टाकला नव्हता. नाशकात जन्म गेला, आणि प्रभुभोजनाचा घोट सोडला तर द्राक्षाची चव विचाराल तर सांगता यायची नाही! याचं कारण असं, की लहानपणी तिनं लेंटच्या उपवासकाळात द्राक्षं सोडली होती. आणि नाशकातली द्राक्षं म्हणजे संक्रांतीनंतर हातगाड्यांवर चढणार, तेव्हा आंबटढोण; गोड व्हायला लागतात तोवर राखेचा बुधवार येऊन लेंट लागतं; आणि ईस्टरची घंटा वाजून उपवास सुटेपर्यंत गाड्यांवर उरतात ती मरगळलेली, देठ सुकलेली, चिलटं बसलेली. कोकणातल्या कुणी द्राक्षं सोडली असती तर गोष्ट वेगळी. नाशकातल्या पोरीनं लेंटमध्ये द्राक्षं सोडली म्हणजे जन्माचीच सोडली. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पुढं आलं तेव्हा लिदियानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. उलट मनातून तिला ते आवडलंच. सगळ्यांचा उपवास चाळीस दिवसांत सुटायचा, हिचा सुटायचाच नाही.

गॅस लावला. पातेल्याच्या कडेनं जांभळी रेघ सुटू लागली आणि वास आला, तो वास आला की लिदियाचं वय कुठल्या कुठं जायचं. रविवारच्या शब्बाथशाळेचा वर्ग, तट्ट्यांच्या भिंती, बाहेर कडुलिंब. शिकवायला धोंडाबाई, पांढरं लुगडं, हाताला साबणाचा वास. या लेंटमध्ये येशूसाठी कोण काय सोडणार, सांगा. कुणी म्हणालं चहा, कुणी बिस्किटं, एकानं गोट्या म्हटल्यावर सगळे हसले. मग लिदिया उभी राहिली आणि म्हणाली, द्राक्षं. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण सगळ्यांना माहीत होतं, हिचे वडील निवृत्ती पिंपळगाव बसवंतला पॅकहाउसमध्ये पेट्या भरतात आणि संध्याकाळी सुटलेले मणी पिशवीतून घरी आणतात. त्या वस्तीत रोज द्राक्षं खाणारं घर ते एकच. धोंडाबाईंनी तिला पुढं बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. तो हात! आजही डोळे मिटले की टाळूवर तो जाणवायचा, थोडा ओला, जड, साबणाच्या वासाचा. घरी वडिलांनी ऐकलं तेव्हा त्यांनी दारावरून जाणाऱ्या कारभारी सुताराला मुद्दाम हाक मारून सांगितलं, आमच्या पोरीनं द्राक्षं सोडली बरं का. लिदिया दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या संध्याकाळी ताटलीत मणी आले तेव्हा तिनं ताटली राकेशपुढं सरकवली. राकेश तेव्हा केवढासा, नुकता बोलायला लागलेला. दोन्ही मुठी भरून खायचा, हनुवटीवरून रस गळायचा. खाता खाता मध्येच थांबायचा, एक मणी पुढं करायचा, ताई, एक घे ना. लिदिया मान हलवायची. पुन्हा म्हणायचा, घे ना. पुन्हा मान. मग तो मणी तो ताटलीत परत ठेवायचा, आणि थोड्या दिवसांनी त्यानं ताटली उचलून दाराच्या मागं जाऊन खायला सुरुवात केली, भिंतीकडं तोंड करून. घरातले हसायचे, काय लबाड आहे, वाटा द्यावा लागेल म्हणून लपून खातो. लिदियाही हसली होती.

पातेल्यात एक मणी फुटला, टप्प करून. मग दुसरा. लिदिया झाऱ्यानं ढवळत होती आणि तिला दाराच्या मागची ती पाठमोरी लहान पाठ दिसत होती, खांदे आत ओढलेले. लपून खात होता. वाटा द्यावा लागेल म्हणून कसलं, वाटा तर तो रोज देत होता! वाफ तोंडावर आली आणि तिला उगाच घाम फुटला. राकेश आता पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेलं, नोकरी सातपूरला. अजूनही घरी येताना द्राक्षं आणली तर मोरीजवळ उभा राहून, नळ सोडून, घाईघाईनं खातो. निकिता चिडवते, पप्पा, बसून खा ना. तो म्हणतो, असंच बरं वाटतं. इतकी वर्षं लिदिया आत बसून तो नळाचा आवाज ऐकत आली होती, आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज नळ बंद होता आणि तो आवाज कानात चालू होता.

"संजना," ती म्हणाली, "चोरासारखे म्हणजे कसं गं?"

संजनानं वर पाहिलं नाही. ती ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "जाऊ द्या ना ताई. तोंडातून गेलं. गुरुवार आहे, कशाला विषय."

"नाही, सांग."

"सांगून काय होणारे? तुम्ही म्हणाल, माझं चुकलं, मला माफ कर, आणि रडत बसाल. मग पुन्हा मीच वाईट." ताटली ठेवली. "मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही तुमची खोली सोडून पॅसेजमध्ये खाट टाकली. मी म्हटलं होतं का तुम्हाला? हे म्हणाले होते का? आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत झोपणार होतो. तुम्ही कुणाचं ऐकलंत? मला चालतं, मला चालतं! आणि रविवारी मंडळीत भागुबाई मला विचारते, काय गं, नणंदेला पॅसेजमध्ये टाकलंस? नवी नवरी होते मी, ताई. हातावरची मेंदी गेली नव्हती."

लिदियाला तो रविवार आठवला. भागुबाईनं तिलाही विचारलं होतं, कसं आहे गं लिदिया, नीट झोप लागते का. आणि ती म्हणाली होती, लागते की, मला काय, कुठंही चालतं. असं मान तिरकी करून, हळू आवाजात. खरंच तर बोलली होती, शब्दन् शब्द खरा. फक्त ती मान तिरकी करायची गरज नव्हती. भागुबाईनं चुकचुक केली तेव्हा टाळूवर पुन्हा तो ओला हात आल्यासारखं झालं होतं, हे तर तिनं स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"दर नाताळला मी तुम्हाला साडी घेते," संजना आता थांबायला तयार नव्हती. "दुकानात तास तास घालवते, हा रंग ताईंना शोभेल, तो नाही. आणि नव्या वर्षाच्या उपासनेला ती साडी कुसाबाईच्या अंगावर! तिच्या मागच्या बाकावर बसून मी प्रार्थना करते. कुसाबाई गरीब आहे, विधवा आहे, कबूल. मला सांगितलं असतं तर तिला वेगळी घेतली असती. पण तुम्हाला घ्यायचंच नसतं ना काही. करपलेली पोळी तुमची, सायीखालचं दूध तुमचं, तळाचा चहा तुमचा. मी एकदा मुद्दाम पोळी करपवली, बघू तरी म्हटलं. बरोबर तीच उचललीत. मी काहीही केलं तरी छान आहे, चालतं. मीठ विसरले तरी छान आहे. बावीस वर्षांत एकदा तरी, एकदा तरी म्हटलं असतंत, संजना, हे वाईट झालंय, तर मला वाटलं असतं की मी या घरातली आहे." तिचा आवाज फाटला. "आणि आता सगळे म्हणणार, गेले बघा नवीन फ्लॅटमध्ये, म्हातारीला जुन्या खोलीत टाकून. म्हणायला लागलेच आहेत. तुम्ही इथं बसून संत होणार आणि मी तिथं जन्मभर तोंड लपवणार. त्यापेक्षा चला. पण अशाच येणार असाल, तिथंही पॅसेज शोधणार असाल, तर नका येऊ ताई. खरंच नका येऊ."

बाहेर कुणीतरी रिक्षा सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. लिदियानं गॅस बारीक केला. मागच्या रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन स्वतःला नाकारण्यावरच होतं. तरुण आहेत, बोलताना हात फार हलवतात. ते म्हणाले, वस्तू सोडणं सोपं आहे हो, मंडळी. पण हा जो 'मी' आहे ना, याला पुढच्या दारानं हाकला, की मागच्या दारानं स्वच्छ पांढरे कपडे घालून परत येतो आणि पहिल्या बाकावर बसतो. लोक हसले होते. लिदियानं तेव्हा हळूच मान वळवून बघितलं होतं, हे कुणाला लागू आहे, आणि तिसऱ्या बाकावरच्या एका गृहस्थांवर तिची नजर थांबलीही होती. ती स्वतः पहिल्या बाकावर बसली होती. पांढऱ्या साडीत. अगं बाई, लिदियाच्या तोंडून मोठ्यानं निघालं, आणि तिला हसू आलं की रडू ते तिचं तिलाच कळेना.

मणी सगळे फुटले होते. तिनं फडकं दुसऱ्या पातेल्यावर ताणलं आणि लगदा ओतला. जांभळा रस थेंब थेंब गळू लागला. हा रस गळताना बघत बसणं तिला लहानपणापासून आवडायचं. आई म्हणायची, बघत बसू नकोस, लाजतो तो, गळत नाही. फडक्याच्या पोटाशी थेंब जमायचा, फुगायचा, आता पडेल आता पडेल म्हणता लोंबकळत राहायचा. त्या थेंबाच्या आत सगळी दुपार उलटी होऊन बसलेली दिसायची, खिडकी, ओटा, आईचं लुगडं. आई बोटानं चाखायची. जीभ टाळ्याला लावून चट् करायची आणि डोळे मिटून ठरवायची, अजून एक घड टाकायचा की नाही. लिदिया कधी चाखत नसे. तिचा नवस होता. अंदाजानं करायची, वासावर करायची, आणि दर वर्षी मंडळी म्हणायची, लिदियाताईंच्या हाताचा रस म्हणजे रस.

"आणि एक सांगू?" संजना डोळे पुसत म्हणाली. बोलायला लागलीच होती तर आता काही मागं ठेवायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. "मागच्या वर्षीचा रस करपला होता."

"काय?"

"करपला होता, ताई. कडूजहर. अख्ख्या मंडळीनं गिळला. पोरांची तोंडं वाकडी झाली. पाळकसाहेब तर दोन वेळा पाणी प्यायले. पण लिदियाताईंना कोण सांगणार? त्या तर सगळं सोसून बसलेल्या. त्यांना बोलायची छाती कुणाची?"

लिदिया स्टुलावर बसली. मागच्या वर्षीचा तो घोट तिला चांगला आठवत होता. त्या लहानशा पेल्यातला कडू घोट जिभेवर आला तेव्हा तिला वाटलं होतं, ही आपल्यालाच मिळालेली विशेष कृपा आहे; सगळ्यांना गोड लागत असेल, आपल्याला मात्र प्रभूनं त्याच्या दुःखातला वाटा दिला. तिनं तो डोळे मिटून, आभार मानून गिळला होता. बाकावर परतताना तिचे पाय हलके झाले होते. आणि प्रत्यक्षात पातेलं बुडाला लागलं होतं! भाबडेपणा म्हणावा की काय म्हणावं? आपला कडवटपणा तिनं अख्ख्या मंडळीला पाजला होता आणि वर त्यालाच कृपा मानून ती घरी गेली होती. कान तापले, मान तापली. असली लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. पण त्या लाजेच्या खाली, खोल कुठंतरी, काहीतरी सैल होत होतं, फडक्याची गाठ सुटावी तसं.

थेंब पडत होते. पातेलं अर्धं भरलं होतं. चाखल्याशिवाय आता हा रस न्यायचा कसा?

"संजना, जरा चाखून बघतेस?"

"मी नाही," संजना म्हणाली. "रस तुमचा आहे. तुम्हीच चाखा."

"माझं लेंट आहे गं."

"माहितीये."

लिदिया उठली. टोपलीत धुतलेला एक घड उरला होता. तिनं त्यातला एक मणी तोडला. साय पुसली गेली, काळा चकाकला. साठीच्या बाईचा हात, नखांत जांभळं गेलेलं. दाराच्या मागून कुणीतरी लहान मुलगा म्हणत होता, ताई, एक घे ना. ओल्या हाताचं ओझं टाळूवर होतंच. तिनं डोकं जरासं हलवलं, केसांत अडकलेलं पान झटकावं तसं, आणि मणी तोंडात टाकला.

साल कचकन फुटली. थंड पाणी सगळ्या तोंडभर झालं. लिदियानं डोळे मिटले. त्या मिटल्या डोळ्यांमागं पिंपळगावच्या रस्त्यावरच्या बागा होत्या, मांडवाखालची हिरवी सावली होती, वडिलांची ओली पिशवी होती, आई जीभ टाळ्याला लावत होती. इतकी वर्षं मनात जपलेला तो गोडवा आता येईल, आता येईल म्हणून ती थांबली. मग तिचा एक डोळा आपोआप बारीक झाला, गाल आत ओढले गेले, आणि खांदे शहारले.

"ई! आंबट आहेत गं."

संजनानं झटकन वर पाहिलं.

"कुठून आणलीस? कॉलेज रोडच्या गाडीवरून? फसवलं तुला मेल्यानं. वरून काळी दिसतात नुसती." तिनं पातेल्यात बोट बुडवलं, जिभेवर टेकवलं, चट् केलं आणि मान हलवली, थेट सुलाबाईसारखी. "छे, छे. हा रस नाही चालणार. अजिबात नाही चालणार मला."

संजनाच्या हातातली ताटली खाली आली. ती खोक्यावर बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसते आहे की रडते आहे हे लिदियाला आधी कळेना. मग दिसलं, दोन्ही चाललं होतं. "पुन्हा म्हणा," संजना पदरातून म्हणाली. "ताई, पुन्हा एकदा म्हणा ना."

"काय म्हणू? आंबट ते आंबट. चल, ऊठ, स्कूटर काढ, दुसरी आणू. वेळ आहे अजून. मी मागं बसते, आणि या खेपेला गाडीवर चाखून घेते." एरवी ती चालत जायची, ऊन असो काही असो, स्कूटर तुम्हाला लागेल म्हणून. संजना उठली, किल्ली शोधायला लागली, सगळं खोक्यांत गेलेलं. लिदियानं पदराला हात पुसले. तिचं तोंड अजून आंबट होतं, दात शिवशिवत होते, आणि पोटात, चक्क, भूक लागली होती.

"आणि हे बघ," ती दारात चपला घालता घालता म्हणाली, "तिथं मी पॅसेजमध्ये झोपणार नाही. मला डोंगराकडच्या खिडकीची खोली पाहिजे."

"ती निकितानं आधीच धरलीये."

"मग तिच्याशी मी भांडीन."

"भांडा," संजना म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. "खोकं देते तुम्हाला एक, सामान भरायला. ते कोपऱ्यातलं घ्या."

लिदियानं कोपऱ्यात पाहिलं. चपलांचं रिकामं खोकं होतं, लहानसं. तिच्या ओठांवर शब्द आलेच होते, सवयीचे, गुळगुळीत. तिनं ते गिळले, आंबट द्राक्षापेक्षा ते गिळायला अवघड गेले.

"हे नको," ती म्हणाली. "मोठं दे."